वहिनी झाडावर

टेलिफोन खात्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा बालाघाटातल्या ओळखीच्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, आता करणार काय? उत्तरंही त्यांच्याकडेच तयार होती. शिवणाचा क्लास काढ, डबे दे, शिकवण्या घे. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हतं. पन्नाशी जवळ आली होती. मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली होती. नवरा इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता, अजूनही शिकवतो. आयुष्यभर मी हेडफोन लावून, नंतर संगणकासमोर, खुर्चीवरच बसलेली बाई. माझी कंबर दुखायची आणि जिना चढताना मी कठडा धरायची.

त्या हिवाळ्यात नवऱ्याच्या कॉलेजची सहल बैहरकडच्या जंगलात जाणार होती. मुलींसोबत एक बाई हवी, आणि ज्या मॅडम जाणार होत्या त्यांना ताप आला, म्हणून मी गेले. तिथे बाहेरून आलेलं एक जोडपं विद्यार्थ्यांना दोरावरून झाडावर कसं चढतात ते दाखवत होतं. तो पुण्याकडचा, ती केरळची. एका उंच साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला त्यांनी दोर लावला होता. मोठ्या गलोलीने त्यांनी बारीक दोरीला बांधलेली छर्‍यांची पिशवी फांदीवरून पलीकडे टाकली, त्या दोरीने जाड दोर ओढून घेतला, आणि मग कंबरेचा पट्टा, हेल्मेट वगैरे.

कॉलेजची पोरं हाताच्या जोरावर सुटली. थोडं वर गेली आणि दमून लटकत राहिली. खाली हसणं सुरू झालं. ती केरळची बाई खालून शांतपणे सांगत होती, "हाथ से नहीं, पैर से चढ़ो. और बीच-बीच में बैठ जाओ." कुणी ऐकत नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आप आएँगी?"

मी नाही म्हणायच्या बेतात होते. पण दोन मुली माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांनाही जायचं होतं आणि धीर होत नव्हता. मी पट्टा बांधून घेतला.

ते चढणं सोपं असतं, फक्त हळू असतं. दोराला एक गाठ असते, ती वर सरकते पण वजन पडलं की घट्ट धरते. पट्ट्यात बसायचं, दोरीच्या फेर्‍यात अडकवलेला पाय वर घ्यायचा, त्यावर उभं राहायचं, गाठ वर सरकवायची, पुन्हा बसायचं. एका वेळी वीतभर. मधे कितीही वेळ बसता येतं, पडत कुणी नाही. मी तशी बसत बसत गेले. पोरं खाली चहा पीत होती तेव्हा मी पहिल्या फांदीला हात लावला.

वर माझ्या मनात कोणताही मोठा विचार आला नाही. पानं वरून कशी दिसतात ते मी पहिल्यांदा पाहिलं, खालून दिसतात त्यापेक्षा फिकट आणि धुळीची. एक कोतवाल पक्षी माझ्यावर चिडून आरडत होता. मी तिथे बसले आणि मला उतरावंसं वाटेना, एवढंच. खालून नवऱ्याने हाका मारल्या तेव्हा मी आले.

पुढच्या वर्षी मी पुण्याजवळ त्याच जोडप्याकडे रीतसर शिक्षण घेतलं. दोर तपासणं, गाठी, झाड पाहणं. झाड पाहणं म्हणजे वाळलेल्या फांद्या कुठे आहेत, बुंध्याशी बुरशी आहे का, लाकडी हातोडीने ठोकलं तर आवाज भरीव येतो की पोकळ, वर मोहोळ आहे का, घरटं आहे का, तांबडे मुंगळे आहेत का. आणि वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं. या शेवटच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. दोरावर निर्जीव लटकलेल्या माणसाला आपल्या पट्ट्याला जोडून घेऊन उतरायचं असतं, आणि माझे हात कमी पडले. पुन्हा सराव करून पास झाले.

आता झाड हवं होतं. माझ्या दादाचं शेत लांजीच्या अलीकडे आहे. आईवडील गेल्यावर तो आणि वहिनी, दोघंच तिथे. मुलं बाहेर. शेताच्या कडेने नाला जातो आणि नाल्यावर तीन जुनी झाडं आहेत, एक बेहडा, एक मोह आणि एक अर्जुन. अर्जुनाला आमच्याकडे कहुआ म्हणतात. पांढरट, गुळगुळीत बुंध्याचा हा कहुआ एवढा मोठा आहे की आम्ही भावंडं लहानपणी हात धरून त्याला वेढा घालायचो तरी हात पुरत नव्हते.

दादाला मी अंगणात बसून सगळं नीट समजावून सांगितलं. शहरातले लोक येतील, एका वेळी दोघं-चौघं, जास्त नाही. झाडाखाली बसतील, हळूहळू वर जातील, वर बसतील, उतरतील, आपल्याकडे जेवतील. झाडाला खिळा नाही, कुऱ्हाड नाही. दोराखाली फांदीला चामड्याची पट्टी, म्हणजे साल घासत नाही.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे लोक पैसे देऊन झाडावर चढतीन?"

"हो."

"इथं पोरं फुकट चढतात तं आम्ही त्यायले हाणतो."

वहिनी आतून हसली. दादा हसला नाही. "तू आपल्या घरची पोरगी," तो म्हणाला, "खात्यात अफसरांसोबत काम केलं. आता या वयात बंदरासारखी झाडावर? गावातले लोक मले काय म्हनतीन? अन् कोनी पडून मेलं तं?"

पडण्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर मी दिलं. शेवटी वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "अवो, लाऊन पाहू द्या ना बाईले दोर. नाई जमलं तं काढतीन." दादा उठून बैलांकडे गेला. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

पहिल्या दिवशी मी दोर लावला तेव्हा अर्धं गाव जमलं. पिशवी फांदीवरून नीट जायला पुष्कळ वेळ लागला, आणि दरवेळी ती चुकली की लोक "अरे रे रे" करायचे. मी वर गेले, फांद्या तपासल्या, एक वाळकी फांदी कापून खाली सोडली आणि उतरले. लोकांना वाटलं होतं काहीतरी सर्कस होणार. मी इतक्या सावकाश चढत होते की निम्मे लोक कंटाळून गेले.

वहिनी मात्र बांधावर शेवटपर्यंत बसून होती. दुसऱ्या दिवशी दादा मोटरसायकलवर लांजीला गेला आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दादाची जुनी फुलपँट, वरून त्याचाच शर्ट, डोक्याला पदराऐवजी दुपट्टा गुंडाळलेला.

"बाई, मले जमन का?"

वहिनी माझ्यापेक्षा मोठी. अंगाने स्थूल नाही, पण भरलेली. गुडघ्यांचं दुखणं आहे. मी तिला विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, "वाटते ना. म्हनून तं हे घरी नसताना आली."

मी दुसरा दोर लावला आणि तिच्या बरोबरीने चढले. ती मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगली चढली. उठायचं, सरकवायचं, बसायचं, हे तिला लगेच समजलं. दर थोड्या वेळाने ती बसायची आणि बुंध्यावर हात फिरवायची. "मऊ हाय," म्हणायची. मधे एकदा तिने विचारलं, "आता सोडलं तं पडन का मी?" मी म्हटलं, सोडून पाहा. तिने दोन्ही हात सोडले, डोळे मिटले, आणि काही झालं नाही तेव्हा उघडले. मग ती मोठ्याने हसली.

वर एक रुंद फांदी आहे, बैलगाडीच्या साटीएवढी. तिथे तिला बसवलं, पट्टा वरच्या फांदीला बांधला. ती नाल्याकडे पाठ करून बसली, म्हणजे शेताकडे तोंड. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन महिना झाला होता. धानाची खाचरं हिरवीगार होती, मधून धुऱ्यांचे बांध गेलेले, कोपर्‍यात पाणी चमकत होतं. पलीकडे घराचं कौलारू छप्पर, गोठा, विहीर.

तिने एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "येवढं वावर हाय आपलं?"

"तुला ठाऊक नाही होय?"

"ठाऊक हाय. पण मी याले वाकूनच पाह्यलं ना, बाई. लग्न होऊन आली तवापासून. रोवणी, निंदन, कापनी. समोरची धानाची ओळ दिसते अन् आपले पाय दिसते."

मी तिच्या पट्ट्याची कडी पुन्हा तपासली.

दादा आला तेव्हा आम्ही वरच होतो. त्याने आधी घरात हाका मारल्या, मग गोठ्यात, मग मोटरसायकल तशीच सोडून झाडाखाली आला आणि मान वर केली. आपलीच फुलपँट त्याने ओळखली असावी.

"अवं! हे काय करून राह्यली? उतर खाली!"

"उतरीन," वहिनी म्हणाली. "घाई काहून करता?"

"चहा कोन मांडन?"

"दूध फ्रीजमंधी हाय. पत्तीचा डबा खिडकीत."

दादा माझ्याकडे पाहू लागला, जणू मी काही बोलेन. मी दोराच्या गाठीकडे पाहत बसले. मग तो घरात गेला. भांड्यांचा आवाज आला. मग तो हातात पेला घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडे पाठ करून धुऱ्यावर बसून चहा प्यायला लागला. वहिनी त्याच्याकडे पाहत होती. "साखर जास्त टाकली असन," ती हळूच म्हणाली. "डाक्टरनं मना केलं हाय."

ती ऊन उतरायला लागलं तेव्हा खाली आली. रात्री जेवताना दादा फक्त एवढं म्हणाला, "उद्यापासून तुही पँट वेगळी घे."

पाहुणे यायला लागले ते दिवाळीनंतर. नवऱ्याच्या ओळखीतून, मग एकाकडून दुसऱ्याकडे. नागपूर, रायपूर, गोंदिया. सुरुवातीला बरेच लोक निराश व्हायचे. एका जोडप्याने तारेवरून घसरत जायचं ते कुठे आहे असं विचारलं. एका बँकेतल्या साहेबांना फक्त हेल्मेट घालून फोटो काढायचा होता. मी सांगायचे की इथे सकाळचा सगळा वेळ एकाच झाडाजवळ जातो. आधी खाली बसायचं, झाडाभोवती हिंडायचं, बुंध्यावर कोण कोण राहतं ते पाहायचं. मग चढायचं. वर झोळी बांधलेली असते, तिच्यात पडून राहायचं. बोलायचं असेल तर हळू. गोंदियाचे एक निवृत्त शिक्षक झोळीत चक्क घोरले, आणि उतरल्यावर म्हणाले की गेल्या कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. ते पुढे तीनदा आले.

वहिनी स्वयंपाक करायची आणि मला हातभार लावायची. कोथिंबिरीची सांबारवडी, लाखोळीच्या डाळीचे वडे, तांदळाचे चिले, म्हणजे धिरडी. पाहुण्यांसाठी दादाने स्वतःहून न्हाणीघर बांधून घेतलं आणि अंगणात नव्या खाटा आणल्या. संध्याकाळी तो त्यांच्यासोबत बसून धानाच्या जातींबद्दल इतका बोलायचा की मला मधे पडावं लागे.

त्या वर्षी मोहाची फुलं गळायला लागली त्या सुमारास वहिनीने मला सकाळी बोलावलं. "बाई, हा पक्षी काहून खोडाशी बोलून राह्यला पाहा बरं."

कहुआच्या बुंध्यावर, आमच्या दोराच्या फांदीच्या थोडं खाली, एक जुनी ढोली आहे. तिथे एक राखाडी रंगाचा, मोठ्या चोचीचा पक्षी बुंध्याला चिकटून बसला होता. चोच ढोलीकडे नेत होता, मागे घेत होता. मी दुर्बीण लावली. ढोलीचं तोंड मातीसारख्या कशाने तरी लिंपलेलं होतं, मधे फक्त बारीक फट. फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं आणि त्याने दिलेलं उंबर आत गेलं.

मी नवऱ्याला फोन केला. तो राखी धनेश होता. नवऱ्याने सांगितलं की मादी अंडी घालायला ढोलीत जाते आणि स्वतःला आत लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं खाणं नर बाहेरून आणतो. त्याला काही झालं, किंवा भिऊन त्याने येणं सोडलं, तर आतले सगळे उपाशी.

आम्ही त्याच दिवशी कहुआवरचा दोर उतरवला. बेहडा आणि मोह होतेच. पण बेहडा बुटका आहे आणि मोहाखाली त्या दिवसांत वेचणाऱ्या बायांची गर्दी. लोक यायचे ते कहुआसाठी.

पुढच्याच आठवड्यात नागपूरहून एक कुटुंब यायचं होतं. नवरा-बायको, त्यांची कॉलेजातली मुलगी, आणि नवऱ्याचा मोठा भाऊ. मी फोन करून सगळं सांगितलं. "चालेल, चालेल," ते गृहस्थ म्हणाले. पण आल्यावर गाडीतून उतरून त्यांनी कहुआ पाहिला आणि बेहडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"इतक्या लांबून आलो आम्ही. एका पक्ष्यासाठी हे झाड बंद?"

मी म्हटलं, हो.

"आम्ही आवाज करणार नाही. पलीकडच्या बाजूने चढू."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग ते दादाकडे वळले, कारण शेत त्याचं. दादाने मला गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"येकडाव चढू दे ना. चांगले लोक हायत. इतक्या दूरून आले, तसंच वापस पाठवाचं का? पक्षी काय मरते थोडा?"

मला त्याचा राग आला नाही. ज्याला पाहुणे नको होते, त्याला आता पाहुणा रागावून गेलेला चालत नव्हता. मी काही म्हणणार, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली वहिनी बोलली. तिने मान वर केली नव्हती, ती चिला उलटत होती.

"मरते. आत बाई बसली हाय."

तिने चिला तव्यावरून काढला.

"खायले आननारा भेला अन् आला नाई, तं तिनं आत बसून काय करावं? तिले तं बाहेर येता येत नाई."

दादाने डोक्यावरचा गमछा काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग पाहुण्यांकडे जाऊन म्हणाला, "जी, त्या झाडावर नाई जमत. बेहड्यावर या, नाई तं जेवून घ्या."

ते गृहस्थ आणि त्यांचे भाऊ गाडीत जाऊन बसले. एसी लावला. त्यांची बायको आणि मुलगी थोडा वेळ गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या, मग परत आल्या आणि बेहड्यावर चढल्या. चढताना मुलीचं चुकत होतं, आईचं नाही. नंतर वहिनीने त्या दोघींना दूर धुऱ्यावर नेऊन बसवलं. नर दोनदा आला. दुसऱ्या वेळी मुलीला फटीतली चोच दिसली आणि तिने आईचा दंड इतक्या जोरात धरला की आई ओरडणार होती. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. नर उडून गेला. आम्ही सगळ्याजणी तो परत येतो का पाहत बसलो. तो आला, पण बऱ्याच वेळाने.

गृहस्थांनी घरी गेल्यावर इंटरनेटवर आमच्याबद्दल वाईट लिहिलं. लिहिलेलं खोटं नव्हतं. मुख्य झाड बंद आहे, इथे करायला काही नाही, यजमान ऐकत नाहीत. त्या उन्हाळ्यात आणखी काहीजणांनी येणं रद्द केलं. काही त्या पक्ष्यालाच पाहायला आले, पण थोडे.

वहिनी सकाळ-संध्याकाळ नजर ठेवायची. मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं आणि कहुआची एक मोठी फांदी मोडून नाल्यात पडली. ढोलीच्या बाजूची नव्हती. वादळ थांबल्यावर आम्ही तिघंही बांधावर उभे होतो, दादाही. नर उंबराच्या झाडावर भिजून बसलेला दिसला आणि दादा म्हणाला, "हाय, जिता हाय," आणि घरात गेला.

पावसाच्या थोडं आधी एके सकाळी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर होती. तिची पिसं अस्ताव्यस्त, शेपटी विस्कटलेली. पुढच्या काही दिवसांत पिल्लू एकच दिसलं. आणखी होती का, आत काय झालं, ते कळलं नाही. पाऊस सुरू झाला आणि ते सगळे नाल्याच्या पलीकडे निघून गेले.

त्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. दोर ओढून ओढून असेल, वय असेल. डॉक्टरांनी काही महिने जोर लावू नका म्हटलं. मी वहिनीला म्हटलं, तू शीक. ती म्हणाली, "चढता येते ना मले." मी म्हटलं, चढणं नाही, चढवणं. गाठी, झाड तपासणं, अडकलेल्याला उतरवणं. ती दोन हंगाम माझ्यासोबत शिकली. बैहरकडे ते पुण्याचं जोडपं पुन्हा आलं होतं, त्यांना आम्ही शेतावर बोलावलं. त्यांनी तिची परीक्षा घेतली. लटकलेला माणूस म्हणून तिचा नवराच दोरावर घेतला, कारण दुसरं कुणी तयार होईना. दादा पट्ट्यात डोळे मिटून लटकला होता आणि वहिनी त्याला सांगत होती, "अंग सैल सोडा. तुमी बेहोश हाय." तिने त्याला नीट खाली आणलं. ती पहिल्या वेळीच पास झाली.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं. नागपूरला. तारीख अचानक ठरली आणि शेतावर चौघांचं येणं आधीच ठरलेलं होतं. मी वहिनीला फोन करून म्हटलं, त्यांना नको म्हणून कळवते.

"काहून? मी हाय ना."

"एकटी करशील?"

"हे हायत खाली दोर धराले."

ऑपरेशन ठीक झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्याच्या गॅलरीत उभी असताना तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता, म्हणून आधी मला वाटलं सगळं सुरळीत झालं असणार.

"बाई, एक माणूस अटकला होता वर."

मी कठडा धरला. ती सांगत गेली. रायपूरचा माणूस, चाळिशीचा, धिप्पाड. सगळ्यांच्या आधी चढायला लागला. कहुआच्या मध्यावर जाऊन एकदम थांबला. खाली पाहिलं आणि बुंध्याला मिठी मारून राहिला. ना वर ना खाली. श्वास जोरात चालला होता, तोंड पांढरं. त्याचे सोबती खालून ओरडू लागले, घाबरू नको, घाबरू नको. त्याने तो आणखीच घाबरला.

"मंग?"

"मंग मी पहिले त्यायले चूप केलं. म्हटलं, आप लोग उधर जाके बैठो. अन् दुसऱ्या दोरानं वर गेली. त्याच्या बाजूले जाऊन बसली. त्याले हात नाई लावला."

"काय म्हणालीस त्याला?"

"काई नाई म्हटलं पहिले. बसली. मंग विचारलं, भैया, सुबह क्या खाए थे? तो बोलेच ना. पुन्हा विचारलं. तं म्हने पोहा. म्हटलं, किसने बनाया? म्हने, होटल में. म्हटलं, मेरे हाथ का चीला नहीं खाया? म्हने, खाया, दो. असं बोलत बोलत त्याचा सास खाली आला. मंग म्हटलं, आँख बंद मत करो, मेरे हाथ को देखो. मी माही गाठ ढिली केली, त्याले दाखवली, वीतभर उतरली. म्हटलं, अब आप. त्यानं केलं. मंग पुन्हा मी. मंग तो."

"जोडून नाही घेतलास पट्ट्याला?"

"घेतला होता, त्याले न सांगता. बोलता बोलता कडी अटकवली. पण जोर लागलाच नाई. आपल्याच हातानं उतरला तो."

खाली आल्यावर तो माणूस जमिनीवर पाय पसरून बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. वहिनीने त्याला गूळपाणी दिलं. तासाभराने तो जेवला, आणि निघताना विचारत होता, पुन्हा आलो तर चढवाल का? "म्हटलं, हौ. पर धीरे."

मी तिला म्हटलं की तू मला तेव्हाच फोन का नाही केलास.

"तुमी दवाखान्यात. अन् फोन करून काय झालं असतं, बाई? तुमी नागपूरवरून दोर सोडला असता का?"

मी आत येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उशीवर डोकं टेकून ऐकत होता. हसला तर टाके दुखतात म्हणून तोंड दाबून हसला. मग म्हणाला, "आणि दादा काय करत होते तेव्हा? विचार ना."

मी पुन्हा फोन लावला. या वेळी दादानेच उचलला. मी विचारलं, तू घाबरला नाहीस?

"भेलो ना," तो म्हणाला. "तो येवढा मोठा माणूस, अन् ही त्याच्या बाजूले. हातात हिच्या दोराचं खालचं टोक होतं, सोडता येत नव्हतं. वर पाहून राह्यलो, बस. दुसरं काय करनार?" मग त्यानेच विचारलं, "जावईबापूचं कसं हाय? जेवते का? टाके कधी काढतीन?" मी सांगितलं की चार दिवसांनी घरी सोडतील, आणि सध्या पेजच चालू आहे. तो म्हणाला की नव्या धानाचा तांदूळ पाठवतो, पेज चांगली होते त्याची.